दुकानात इलेक्ट्रिक गिटार बघताना

दीड वर्ष पैसे साठवले आणि वालावलहून पणजीला गेलो, गिटार घ्यायला. एक लाल गिटार डोळ्यात भरली. दुकानातल्या दादाने लगेच अँपला लावून डिस्टॉर्शन वाढवलं. आवाज एकदम भारी! पण त्या गोंगाटात दोष लपतात.

मी केबल काढली आणि अँपशिवाय वाजवली. प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार खरखरत होती. मग ट्यूनर लावला. बाराव्या फ्रेटचा सूर मोकळ्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर हवा. तो चढा येत होता. थोडंफार सेटिंग करून सुधारतं, पण फ्रेटच उचललेली असेल तर खर्च वाढतो.

शेवटी पिकअप. सिंगल कॉइल विजेची ५० हर्ट्झची घरघर पकडतो. हंबकरमध्ये दोन कॉइल उलट जोडलेल्या, म्हणून ती कटते.

लाल ठेवली, साधी काळी घेतली. ट्रस रॉड नीट फिरतोय ना, तेही बघितलं. आमच्याकडे पावसात दारं फुगतात, तिथे गिटारची मान सरळ कशी राहणार?

तुम्ही जाल तेव्हा घाई करू नका. पैसे तुमचे आहेत. भेटूया.