रात्रपाळी

आमचं गाव खोडद. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव लागतं, तिथून आत वळलं की थोड्याच वेळात शेतांच्या वर तारांच्या जाळीच्या भल्यामोठ्या ताटल्या दिसू लागतात. त्या जीएमआरटीच्या दुर्बिणी. आम्ही त्यांना डिश म्हणतो. एकूण 30 आहेत, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभं केलेलं हे काम. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकायच्या, एवढंच या डिशचं काम. जानेवारी 2023 मध्ये पेपरात बातमी होती, की 8.8 अब्ज वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची लहर आमच्या डिशने टिपली.

त्या आठवड्यात आमच्या मळ्यातली डीपी जळालेली होती. तक्रारीचा फोन लावला की एक बाई गोड आवाजात सांगायची, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग सनई. चौथ्या दिवशी मोबाइलवर मेसेज आला, ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.’ मी तो मेसेज मोटरीशेजारी उभा राहून वाचला. मोटर गप्प, कांदा सुकत चाललेला. शेजारच्या मळ्यातले आबा म्हणाले, “मास्तर, फोन कशाला लावता? डिशखाली उभं राहून सांगा. आठ अब्ज वर्षांचं ऐकतीय ती, चार दिवसांचं ऐकणार नाही व्हय?”

गंमत अशी, की आबांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. विजेच्या तारा सैल असल्या, ठिणग्या उडायला लागल्या, की त्यांची खरखर दुर्बिणीला ऐकू जाते. आकाशातली लहर इतकी क्षीण असते की त्या खरखरीत ती बुडून जाते. म्हणजे आमची तार लोंबतेय हे वायरमनच्या आधी डिशला कळत असणार.

पण श्रोतेहो, खरी मजा रात्री असते. शेतीच्या थ्री-फेज लाइटची पाळी असते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. सौर वाहिनीमुळे काही ठिकाणी आता दिवसा वीज मिळू लागली आहे. ज्यांची नाही, त्यांना रात्री उठून दारं धरायला जावं लागतं. आणि आमचा जुन्नर, आंबेगावचा पट्टा म्हणजे बिबट्याचा पट्टा. धरणं झाली, कालवे आले, ऊस वाढला, तसा बिबट्या उसात राहायला आला. त्याची पिल्लं उसातच जन्मतात. तोही बाहेर पडतो तो बहुतेक रात्रीच. आबा म्हणतात, “दोघांची ड्यूटी एकच. फरक इतकाच की बिबट्या टायमात येतो.”

वनखातं सांगतं, रात्री एकटे जाऊ नका, बॅटरी ठेवा, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावा. डिशच्या आवारात गेलात तर सांगतात, मोबाइल बंद करा. आम्ही या दोन सूचनांच्या मधोमध राहतो.

असं बोलायची सवय आमच्याकडे जुनीच आहे. नारायणगाव हे तमाशाचं गाव, विठाबाईंचं. सोंगाड्याने नापिकीवर, कर्जावर टोला मारला की सगळ्यात मोठ्याने हसतो तो कर्जातला माणूसच. बाहेरच्याला हे विचित्र वाटतं. पुण्याचे आमचे एक पाहुणे मला म्हणाले, तुम्हाला भीती वाटत नाही का? आता याला काय सांगायचं? भीती वाटते म्हणून तर बोलतो. दारं मोडताना वाकावं लागतं, आणि वाकलेला माणूस अंधारात जनावरासारखा दिसतो. हे डोक्यात ठेवून पाच तास पाण्यात उभं राहायचं तर तोंड चालू ठेवावंच लागतं.

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड परिसरात, तीन आठवड्यांत बिबट्याने तिघांना मारलं. त्यांतली दोन मुलं. त्यानंतर तिथले लोक गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला लागले. असे पट्टे आपण कुत्र्याच्या गळ्यात बांधतो. फोटो माझ्या मोबाइलवर आला तेव्हा पहिल्यांदा मला हसू आलं, हे कबूल करतो. त्याखाली एक ओळ लिहिलीही, कुत्र्यांनी आता काय घालायचं अशी काहीतरी. ग्रुपवर मुंबईची, नाशिकची माणसं आहेत. पाठवायच्या आधी मी ती पुसली. आबा बोलले असते तर चाललं असतं. मला शाळेचा पगार आहे, पाण्याला बऱ्याचदा धाकटा भाऊ जातो.

त्या आठवड्यात पाळी रात्रीचीच होती. भावाला ताप होता म्हणून मी निघालो. आईने मागून हाक मारली. मला वाटलं स्वेटर देतेय. तिच्या हातात आमच्या मोत्याचा पट्टा होता.

“घाल,” ती म्हणाली, “तसाही मोत्या घरातच झोपतो.”

ती हसत नव्हती. मी पट्टा घातला. बांधावर आबा बॅटरी घेऊन उभे होते. त्यांनी उजेड माझ्या गळ्यावर टाकला, थोडा वेळ तसाच धरला. काही बोलले नाहीत. मग मफलर बाजूला करून त्यांनी स्वतःचा पट्टा दाखवला.