नकाशा आणि आपण गृहिणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी स्वयंपाक, शिवण किंवा बालसंगोपन यांवर कोणीतरी चार शब्द बोलावेत, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. मी ‘नकाशा’ हा विषय मागून घेतला, तेव्हा दोघी-तिघी हसल्या. सातवी शिकलेल्या बाईने नकाशावर काय बोलावे, असे त्यांना वाटले असेल. परंतु भगिनींनो, नकाशा वाचायला सातवी पुरते. तो न वाचता घरादाराचे व्यवहार केले, तर मात्र फार पैसा लागतो. एवढेच मला आज सांगायचे आहे.

नकाशा आपल्याला परका नाही. रांगोळीच्या पुस्तकात वीतभर चौकटीत ठिपके असतात. तेच आपण मोजून अंगणात मांडतो, आणि छोटी रांगोळी अंगणभर होते. पण तिचा आकार बिघडत नाही. नकाशाचे प्रमाण ते हेच. एक सेंटिमीटर बरोबर एक किलोमीटर असे लिहिले असेल, तर नकाशावरची पाच सेंटिमीटर म्हणजे पाच किलोमीटर. वरची बाजू बहुधा उत्तर. बाणाने ती दाखवलेली असते. सकाळी सूर्याकडे तोंड करून उभ्या राहा, डावा हात उत्तरेकडे येईल. कोपऱ्यात खुणांची यादी असते, ती आधी वाचावी.

उंचसखलपणा दाखवणाऱ्या वेड्यावाकड्या रेषा पाहून पुष्कळजणी बिचकतात. बासुंदी आटवताना पातेल्याला आतून एकाखाली एक वळे राहतात, ते आठवा. प्रत्येक वळे एकाच उंचीवर असते. नकाशावरची तशी एक रेषा म्हणजे एकाच उंचीच्या जागा. रेषा दाट असल्या म्हणजे चढ उभा, आणि विरळ असल्या म्हणजे जमीन सपाट. झाले, नकाशा वाचता आला!

आता आपल्या सांगलीचेच पाहू. इथे ऊन पडलेले असते आणि तरी नदी चढू लागते, याचे नवीन आलेल्या सुनांना नवल वाटते. जिल्ह्या-जिल्ह्यांचा नकाशा पुढे घ्या आणि कृष्णेवर बोट ठेवा. महाबळेश्वरला उगम, पुढे वाई, मग कऱ्हाडला कोयना येऊन मिळते, आणि आपल्या उशाशी हरिपुरात वारणा. म्हणजे घाटावर कोसळलेले पाणी तीन वाटांनी आपल्याच दारात येते. हे एकदा बोटाने गिरवले, की पेपरातली कोयनेच्या विसर्गाची बातमी ही आपल्या घरची बातमी वाटू लागते. मग धान्याचे डबे आणि कागदपत्रे माळ्यावर कधी टाकायची, हे शेजारणीला विचारावे लागत नाही.

आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, हे आपण सर्वजणींनी डोळ्यांनी पाहिले आहे.

त्याच्या तीन वर्षे आधी आमच्या घरी प्लॉट घेण्याचे चालले होते. मध्यस्थाने रंगीत कागद आणला. त्यावर बाग, देऊळ, मुलांची घसरगुंडी, सगळे होते. मी विचारले, “यात नदी कुठे आहे?” ते म्हणाले, “वहिनी, नदी लांब आहे.” पण त्या कागदावर प्रमाण नव्हते की उत्तरेचा बाण नव्हता. मी यजमानांना म्हटले, “माझ्या पाटल्या मोडायच्या आहेत ना, मग सरकारी नकाशा पाहून मोडू.” नगररचनेच्या कार्यालयात दोन हेलपाटे घातले. तिथल्या नकाशावर आमचा प्लॉट निळ्या रेषेच्या आत होता.

ही निळी रेषा म्हणजे सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन घर बांधायला साधारणपणे मनाई असते. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी पाळून बांधावे लागते. सरासरी म्हटले म्हणून नदी वर्षे मोजत बसत नाही. आपण २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर पाहिले.

आम्ही तो प्लॉट सोडला. पुढे दुसऱ्या एका कुटुंबाने तो घेऊन घर बांधले. २०१९ ला त्या घराच्या खिडक्या पाण्याखाली गेल्या. त्या माउलीचे दागिने विटांत गेले आणि विटा पाण्यात. त्यांना तो नकाशा कोणी दाखवला असता तर! म्हणून सांगते, सोने आपले मोडते, तेव्हा नकाशाही आपणच मागितला पाहिजे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

ज्यांची गावाकडे शेती आहे त्यांनाही एक विनंती. सातबारावर नाव आणि क्षेत्र असते. पण ती जमीन कोठे, कोणत्या आकाराची, हे गटाच्या नकाशावर कळते. ४० गुंठ्यांचा एकर, आणि गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा, हे पाठ करून ठेवावे. गावनकाशावर दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीवाट आणि एकेरी म्हणजे पायवाट. वाटणीत रस्ता नसलेला तुकडा पदरात पडतो आहे का, हे या रेषाच सांगतात. २००५ च्या कायद्याने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. पण आपला वाटा नकाशावर बोट ठेवून दाखवता येत नसेल, तर दुसरा दाखवील तोच आपला! हल्ली मोबाइलवरही गट नंबर घालून नकाशा पाहता येतो. तो माहितीपुरता, हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणीच करून घ्यावी.

मोबाइलमधला नकाशा वाट दाखवतो, “डावीकडे वळा” म्हणून सांगतो, त्याचा उपयोग जरूर करावा. मात्र जागा घ्यावी की न घ्यावी, हे तो सांगत नाही.

शेवटी एक सूचना. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण प्लास्टिकचे डबे लुटतो. यंदा मंडळाने आपल्या वॉर्डाचा नकाशा छापून वाण म्हणून द्यावा. त्यावर दोन्ही पूररेषा, उंचावरच्या शाळा, दवाखाने आणि बाहेर पडायचे रस्ते असावेत. प्रत्येकीने त्यावर आपले घर कुंकवाच्या बोटाने टिपावे, आणि तो स्वयंपाकघराच्या दाराला आतून लावावा. घरातली लहान मुले तो आपोआप शिकतील.