चौरस फुटात न मावणारी खोली
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. मी त्यात एवढीच भर घालीन, की बांधलेल्या घरावर आणखी एक खोलीही पाहावी चढवून! मुलाचे लग्न ठरते, नातवंडे मोठी होतात, आई-वडील गावाहून राहायला येतात आणि आपली नजर गच्चीकडे जाते. मग पहिला प्रश्न असतो, ‘चौरस फुटाला सध्या काय दर चालू आहे?’ शेजारी एक आकडा सांगतात, आपण त्याला खोलीच्या क्षेत्रफळाने गुणतो आणि बँकेतली ठेव मोडतो. स्लॅब टाकून होतो आणि पैसे संपतात. गिलावा न झालेल्या, खिडक्यांना ताडपत्री लावलेल्या ज्या खोल्या गावोगाव दिसतात, त्यांतल्या बऱ्याचशा अशाच अडलेल्या असतात.

घरांची अंदाजपत्रके काढणे हा माझा व्यवसाय. चौरस फुटाचा दर खोटा असतो असे मी म्हणणार नाही. पण तो मोकळ्या जागेवर बांधलेल्या संपूर्ण घराचा असतो. वाढीव खोलीला तो लावला की हिशेब चुकतो. कसा, ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, गच्चीवर आतून १२ बाय १५ फुटांची एक खोली बांधायची आहे. आपल्या मनात क्षेत्रफळ १८० चौरस फूट असते. भिंती नऊ इंची असतील तर बाहेरून ती साडेतेरा बाय साडेसोळा, म्हणजे सुमारे २२३ चौरस फूट भरते. बहुतेक कंत्राटदार बाहेरूनच मोजतात. म्हणजे दर तोच राहूनही बिल जवळपास चोवीस टक्क्यांनी वाढले. यात फसवणूक नाही, पण माप कुठून धरायचे हे आधी ठरवायला हवे.

आता भिंती पाहा. दहा फूट उंची धरून दार आणि दोन खिडक्या वजा केल्या, तर आतला गिलावा, बाहेरचा गिलावा आणि छत मिळून बाराशे चौरस फुटांच्या आसपास जाते. फरशी १८० फूट आणि गिलावा, रंग बाराशे फूट! मोठ्या घरात हे प्रमाण एवढे नसते. दहा बाय दहाच्या खोलीला चाळीस फूट भिंत लागते. वीस बाय वीसच्या जागेला क्षेत्रफळ चौपट होऊनही भिंत ऐंशी फूटच, म्हणजे फक्त दुप्पट. म्हणून लहान खोली चौरस फुटाला नेहमीच महाग पडते. त्यात संडास-बाथरूम असेल तर ते आणखी महाग, कारण नळ, पाइप आणि भांडी खोलीच्या आकाराप्रमाणे लहान होत नाहीत.

खोली वर असल्यामुळे येणारा खर्च वेगळाच. वाळू, खडी, विटा वर चढवायच्या. जुना कठडा फोडायचा, राडारोडा खाली उतरवून गाडीने न्यायचा. गच्चीवरचा कोबा एका कोपऱ्यात फोडला, की उरलेल्या भागात पाणी झिरपण्याचा धोका असतो. म्हणून जलरोधनाचा खर्च नव्या खोलीपुरता न धरता सगळ्या गच्चीचा धरावा. पाण्याची टाकी हलवणे, जिना वाढवणे, विजेची नवी वायर आणणे, यांतले काहीही चौरस फुटाच्या दरात नसते.

पण या सगळ्याच्या आधी एक प्रश्न आहे. खालचे घर हे वजन पेलेल का? आपल्या खोलीच्या नऊ इंची भिंतींना सुमारे पाच हजार विटा लागतील आणि त्या भिंतींचे वजन वीस टनांच्या घरात जाईल. स्लॅबचे सहा-साडेसहा टन आणखी. म्हणजे खच्चून भरलेले दोन-तीन ट्रक आपण गच्चीवर कायमचे उभे करणार! ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवरची मातीची जड धाबी यांनीच असंख्य माणसे गाडली गेली. आपले घर तसे नसेल. पण डोक्यावर वजन वाढवताना खालची ताकद तपासावी, हा धडा सर्वांनाच लागू आहे.

म्हणून अंदाजपत्रकाची पहिली ओळ स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या फीची असावी. ते जुने नकाशे पाहतील, कोपऱ्यात खड्डा घेऊन पाया बघतील, कॉलम आहेत की भार भिंतींवरच आहे हे सांगतील. कदाचित खालून नवे कॉलम उभे करायला सांगतील आणि खर्च एकदम वाढेल. कदाचित हलक्या ब्लॉकच्या सहा इंची भिंती सुचवतील. त्या याच खोलीसाठी पाच टनांच्या आसपास भरतात. दोन्ही गोष्टी ठेव मोडण्याआधी कळलेल्या बऱ्या.

दुसरी ओळ परवानगीची. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ खाली वाढीव मजल्यालाही मंजुरी लागते. चटईक्षेत्र शिल्लक आहे का, हे नकाशा काढणाऱ्याकडून आधी तपासून घ्या. मंजूर नकाशा नसेल तर कर्ज मिळणेही अवघड होते.

त्यानंतर मापे. दर बदलत राहतात. सिमेंटवरचा वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा जुनी अंदाजपत्रके एका दिवसात शिळी झाली. मापे मात्र तीच राहतात. आपला स्लॅब पाच इंची असेल तर काँक्रीट ९३ घनफूट, म्हणजे ब्रासभरालाही थोडे कमी. एकास दीडास तीन या प्रमाणाने त्याला सिमेंटच्या २१ गोण्या लागतील. लोखंडाचेही तसेच. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा आणि १६२ ने भागा; एका मीटरचे वजन किलोत मिळते. बारा मिलिमीटरची सळई मीटरला ८९० ग्रॅमच्या आसपास भरते. मापांचा हा कागद हाती असला, की आपल्या गावच्या दुकानातले त्या दिवशीचे दर त्यापुढे कोणीही मांडू शकतो आणि दोन कंत्राटदारांची तुलनाही करू शकतो.

कंत्राटदाराकडून दर घेताना त्यात काय नाही, ते लिहून घ्या. ग्रिल, वायरिंग, रंग, राडारोडा, काँक्रीटवर मारायचे पाणी, सगळे नावानिशी. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. भिंती, स्लॅब, गिलावा, फरशी असे. शेवटचा हप्ता काम संपेपर्यंत हाती ठेवा. जुन्या घराच्या कामात अनपेक्षित खर्चासाठी मी स्वतः पंधरा टक्के वेगळे ठेवायला सांगतो, कारण जुनी भिंत फोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही.

आणि सगळी बेरीज करून रक्कम आवाक्याबाहेर गेली, तर? तर खोली दोन फुटांनी लहान करा, महाग फरशीचा हट्ट सोडा, नाहीतर एक वर्ष थांबा. हे निर्णय कागदावर असताना घेता येतात. सळया पावसात गंजू लागल्यावर ते घेण्याची सवड राहत नाही.