व्याज फांद्यांत, मुद्दल बुंध्यात
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांच्या वाटचालीवर बोला, असा मला आदेश आहे. लिफ्ट, बोअरवेल, पार्किंग यांवर इतर वक्ते बोलतीलच. मी बोलणार आहे आपल्या मागच्या कुंपणावर. विषय लहान वाटेल, पण सोसायटी कशी चालते हे मला त्या कुंपणापाशी जितके कळले तितके हिशेबाच्या वह्यांत कळले नाही.

सुरुवातीला मागच्या बाजूला भिंत नव्हती. गुरेढोरे आत येऊ नयेत म्हणून सुबाभळीचे बी टोकून दाट कुंपण केले. त्यात चूक काही नव्हते. सुबाभूळ मूळची मेक्सिकोकडची. सत्तरच्या दशकात मणिभाई देसाईंच्या उरुळीकांचनच्या 'बाएफ' संस्थेने चाऱ्यासाठी आणि सरपणासाठी तिचा मोठा प्रसार केला. झटपट वाढते, पाणी मागत नाही, मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र देते. अट एकच, सतत छाटत राहा. पुढे भिंत झाली, माळीबुवा गावी गेले, कात्री गंजली आणि कुंपणाचे सतरा वृक्ष झाले. फांद्या विजेच्या तारेला टेकल्या, मुळे ड्रेनेजच्या चेंबरमध्ये शिरली आणि भिंत बाहेर झुकली. त्या भिंतीपलीकडे सकाळी शाळेच्या बसची वाट पाहत लेकरे उभी असतात.

दोन वेळा आपण वरून छाटणी केली. दोन्ही वेळा पावसाळ्यात बुंध्याला पहिल्यापेक्षा दाट धुमारे फुटले. मी बँकेचा माणूस, मला हे ओळखीचे वाटले. फांद्या छाटणे म्हणजे नुसते व्याज भरत राहणे. मुद्दल बुंध्यात असते. ते फेडल्याशिवाय खाते बंद होत नाही.

सभेत विषय आला तेव्हा एक काकू उठून म्हणाल्या, "मे 2013 मध्ये या नागपुरात पारा 47.9 वर गेला होता. अन् तुम्ही सावली काहून तोडून राहिले बाप्पा?" सभा एकदम शांत झाली. प्रश्न अगदी रास्त होता. म्हणून ठराव असा झाला की आधी बदली झाडांची जागा ठरवायची, मगच कुऱ्हाड. शिवाय 1975 च्या झाडांच्या जतनाच्या कायद्याप्रमाणे, झाड आपल्या आवारातले असले तरी महापालिकेची परवानगी लागते. रीतसर अर्ज केला, झाडांवर नोटिसा लागल्या, पाहणी झाली, परवानगी आली. यात वेळ गेला, पण पुढे कोणी बोट दाखवू शकले नाही.

आता बुंधे काढायचे कसे? इमारत आणि भिंत यांमधल्या पट्टीत जेसीबी शिरत नव्हता, आणि शिरला असता तरी खालची पाण्याची लाईन गेली असती. तेव्हा हाताने चालवायचे विंच आणले. आपल्याकडचे कामगार त्याला टर्फर म्हणतात. दांडा पुढे-मागे केला की आतले दोन जबडे पोलादी दोर आळीपाळीने पकडतात आणि बोटभर बोटभर ओढतात. आमचे दीड टनाचे होते. दोर बुंध्याजवळच्या कप्पीतून परत फिरवला की ओढ जवळजवळ दुप्पट होते, वेग मात्र निम्मा.

पद्धत सांगतो, पुढच्या पिढीला कामी पडेल. झाड जमिनीलगत कापायचे नाही, चार-पाच फुटांचे खोड ठेवायचे. एक फुटावर बांधलेल्या दोरापेक्षा चार फुटांवर बांधलेला दोर तेवढ्याच ओढीत चौपट उलथवतो. भोवती सब्बल-फावड्याने खणून भिंतीकडची मुळे आरीने आधी कापायची, नाहीतर उखडताना ती पायाला उचलतात. ओढायचे नेहमी भिंतीपासून आत. हंगामही पाहावा लागतो. उन्हाळ्यात आपली काळी माती विटेसारखी होते, भर पावसात पाय ठरत नाही. पहिल्या चांगल्या पावसानंतर दोन-तीन दिवस उघडीप मिळाली की माती मुळे सोडते.

दुसरे टोक कोपऱ्यातल्या मोठ्या कडुनिंबाला, अगदी बुडाशी, पोती गुंडाळून वर रुंद पट्ट्याने बांधले. साल सोलली जाऊ नये म्हणून. ताणलेल्या दोराच्या मधोमध ओले पोते टाकायचे, म्हणजे दोर तुटलाच तर चाबकासारखा उडत नाही. दोराच्या लांबीच्या आत चालवणाऱ्याशिवाय कोणी थांबायचे नाही. जोर जास्त झाला की दांड्यातली पिन मुद्दाम आधी तुटते. एका उत्साही तरुणाने तिथे खिळा ठोकायला काढला, त्याला आमच्या मिस्त्रींनी हातच धरून थांबवले. ते म्हणाले, "साहेब, ही पिन तुटते म्हणून माणूस वाचतो."

चार रविवार लागले. खड्डे मुरूम-मातीचे थर देऊन, ठोकून भरले, कारण शेजारी भिंतीचा पाया होता. झुकलेला भाग उतरवून नव्याने बांधला. भिंतीपासून दहा फूट सोडून कडुनिंब, करंज आणि बकुळ लावले. दोन रोपे पहिल्याच उन्हाळ्यात गेली, ती पुन्हा लावली. काकू रोज संध्याकाळी बादली घेऊन जात. आज त्या करंजाखाली बाक आहे आणि त्यावर पहिला हक्क त्यांचाच आहे.

मित्रहो, सुबाभळीने आपले वाईट केले नाही. तिच्याकडे पाहायचे काम कोणाच्याही नावावर नव्हते, म्हणून ती भिंतीवर आली. गळका पाईप, थकलेले मासिक शुल्क, शेजाऱ्यांतला अबोला, सारे असेच वाढते. कोवळे असते तेव्हा दोन बोटांनी उपटते, नंतर विंच आणावे लागते. जमिनीत सुबाभळीचे बी अजून आहे, दर पावसाळ्यात रोपे उगवतात. ती उपटायचा एक रविवार आणि कात्रीला धार लावायचा खर्च दरवर्षीच्या अंदाजपत्रकात ठेवावा, एवढीच नव्या कार्यकारिणीला विनंती आहे. रक्कम किरकोळ आहे, पण ती कोणाच्या तरी नावापुढे लिहिलेली असावी.

सुवर्णमहोत्सवाला मी असेन-नसेन, बकुळ मात्र असावी.