सासूबाईंची अश्रफी

(सामुदायिक रेडिओवर आमच्या बचत गटाने केलेलं भाषण)

तव्यावर भाकर असेल तर आधी ती उतरवा, मग रेडिओचा आवाज वाढवा. आज सोन्याबद्दल बोलायचं आहे आणि सोन्याचा विषय निघाला की आपल्या भाकरी करपतात, हा आमचा अनुभव आहे.

आमच्या गटात आम्ही बाराजणी. त्यातल्या एकीकडे तिच्या सासूबाईंनी दिलेल्या दोन अश्रफ्या होत्या. निजामाच्या राज्यातलं सोन्याचं नाणं, ते अश्रफी. रझाकारांच्या धामधुमीत सासूबाईंच्या सासूने त्या उतरंडीखाली पुरून ठेवल्या होत्या. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं, तरी पुढे दोन पावसाळे तिने त्या बाहेर काढल्या नाहीत म्हणे. नंतर काढल्या, कड्या डकवल्या आणि पटवेकऱ्याकडून काळ्या दोऱ्यात ओवून घेतल्या.

पहिली अश्रफी सोयाबीन गेलं त्या वर्षी विकली. आमची मैत्रीण एकटीच तालुक्याला गेली. सराफाने विचारलं, "किती आहे?" ही म्हणाली, "सासूबाई एक तोळा म्हणायच्या." त्याने तोळा धरला, वर एक ग्रॅम घट कापली आणि नऊ ग्रॅमचे पैसे हातावर ठेवले. पावती नाही. नाणं तिच्या डोळ्यादेखत मुशीत गेलं.

आता यात कुठे फसगत झाली ते बघा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आजचा सराफ तोळा म्हणतो तेव्हा तो १० ग्रॅम धरतो. पूर्ण अश्रफी असते सुमारे ११.१८ ग्रॅमची. म्हणजे सासूबाईंचा तोळा आणि दुकानातला तोळा यांतच एक ग्रॅमहून जास्त सोनं जिरलं, वर घटीचा एक ग्रॅम. अश्रफीत शंभरात ९१ भाग सोनं असतं, आजच्या २२ कॅरेटच्या अगदी जवळ. तिला घट लावायची तर किती आणि कशाची, हे तिने विचारलं नाही. विचारायचं असतं हेच आम्हाला कुणाला माहीत नव्हतं.

यंदा लेकीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि दुसऱ्या अश्रफीची वेळ आली. या खेपेला आम्ही तिघी तिच्यासोबत नांदेडला गेलो. त्याआधी गटाच्या बैठकीत मोठा वाद झाला. एकीने मोबाईलवर पाहिलं होतं की जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळतात. "मोडीत कशाला घालता, हौशी माणसाला विका," असं तिचं म्हणणं. दुसरी म्हणाली, "सोनं ते सोनं, त्याला कसली हौस!"

तर नांदेडला आधी गेलो एका निवृत्त गुरुजींकडे. त्यांना नाणी जमवायचा चाळीस वर्षांचा नाद. त्यांनी अश्रफी हातरुमालावर ठेवली, कडेने धरली आणि भिंग लावलं. नाण्यावर चारमिनार आहे हे आम्हाला ठाऊक होतं. त्याच्या दारात एक उर्दू अक्षर आहे, हे इतक्या वर्षांत एकीनेही पाहिलं नव्हतं. ते अक्षर 'ऐन', म्हणजे शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाचं पहिलं अक्षर. साल हिजरी १३४३, म्हणजे इंग्रजी १९२४-२५. आमची मैत्रीण ते ऐकून गप्पच झाली. मग म्हणाली, "सासूबाईंना हे कुणी सांगितलंच नव्हतं."

गुरुजींनी पुढे जे सांगितलं ते नीट ऐका. नाणं जमवणारा माणूस सोन्याचे पैसे देतोच, पण त्यावरचे पैसे देतो ते तीन गोष्टींचे. अशी नाणी किती उरलीत, कोणत्या टांकसाळीची नि कोणत्या सालाची, आणि ती कशी राहिलीत. तिसऱ्या गोष्टीत आपण बाया मार खातो. कडी डकवली, भोक पाडलं, चिंचेने नाहीतर राखेने घासून लख्ख केलं, की त्याच्या लेखी नाण्याची किंमत उतरली. आमच्या अश्रफीला कडी होती. गुरुजींनी ती परत दिली आणि म्हणाले, "ताई, ही आता दागिना आहे. सोन्याच्या भावाने द्या, पण पुरत्या भावाने द्या." त्यांना खोटं बोलून ती स्वस्तात घेता आली असती. घेतली नाही, म्हणून ही आठवण सांगतो.

जमवणाऱ्यांची दुनिया वेगळीच असते बरं का. जहांगीर बादशहाने १६१३ साली आग्र्याला पाडलेली एक हजार तोळ्यांची मोहर निजामाच्या घराण्यात होती. जवळजवळ १२ किलोचं एकच नाणं! १९८७ साली ते जिनिव्हाला लिलावात निघाल्याची बातमी आली आणि सीबीआयला तपास करावा लागला. तिथे वजनाचा हिशोब कोण करतो? आपली पुतळ्यांची माळसुद्धा मुळात नाण्यांचीच. इटलीतल्या व्हेनिस शहराची साडेतीन ग्रॅमची सोन्याची नाणी व्यापारातून इकडे आली. त्यांवर माणसांच्या आकृती होत्या, म्हणून आपल्या लोकांनी त्यांना पुतळी म्हटलं आणि गळ्यात घातलं. घरात जुनी पुतळी असेल तर मोडायच्या आधी एकदा जाणत्या माणसाला दाखवा. आजकालच्या पुतळ्या मात्र ठशाने काढलेल्या असतात, त्यांना हे लागू नाही.

पण ज्या बाईला अडीनडीसाठी सोनं साठवायचं आहे, तिने नाण्याच्या गोष्टीला भुलू नये. तिचा हिशोब सरळ असतो. समजा २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये आहे. १० ग्रॅमची अंगठी घेतली, मजुरी शेकडा १२, त्यावर ३ टक्के जीएसटी, तर मोजायचे १,१५,३६०. तेवढ्याच वजनाचं साधं नाणं शेकडा ३ मजुरीने घेतलं तर १,०६,०९०. दुसऱ्या दिवशी मोडायला गेलात तर दोन्हीला भाव सोन्याचाच. हे नऊ हजार अंगठी बोटात मिरवण्याचे. मिरवायला आमची ना नाही, फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नका. आणि बँक सोन्याचं नाणं विकते, पण परत विकत घेत नाही. ते मोडायला सराफाकडेच जावं लागतं. नाण्यांवर कर्ज मिळतं, तेही एका माणसाला एकूण ५० ग्रॅमपर्यंतच.

१ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी असतो. तो 'बीआयएस केअर' या ॲपमध्ये टाकून दुकानातच तपासा. लेकरांना सांगा, ती दोन मिनिटांत करतात.

आणि एक. बांधावर कुणी येऊन "खोदकामात सोन्याची नाणी सापडलीत, गुपचूप अर्ध्या भावात घ्या" म्हणाला, तर तो पहिलं नाणं खरं दाखवतो आणि पिशवी पितळेची देतो. समजा नाणी खरी निघाली, तरी ती लपवणं गुन्हा आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असा १८७८ चा कायदा आहे. मालक कुणी निघाला नाही आणि आधी काही करार नसेल, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा. लपवलं तर हिस्साही जातो आणि वर्षभराची कैद होऊ शकते. शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं, ते परदेशात पाठवता येत नाही.

तर आमची अश्रफी. सराफ बाजारात तीन दुकानं फिरलो. पहिल्याने वजनाच्या आधी घट सांगितली, आम्ही उठलो. दुसऱ्याकडे मशीन बंद होतं. तिसऱ्याने कडी कापून आमच्या हातात दिली, नाणं तोललं, ११ ग्रॅम ८० मिली. मशीनवर टंच काढला, ९१ च्या जरा खाली. शुद्ध सोनं १० ग्रॅमला किंचित वर भरलं आणि तेवढ्याचे पैसे बँकेत जमा झाले, पावतीसकट. मैत्रीण हिशोब करत राहिली. आत्ताच्या नाही, सोयाबीनच्या वर्षीच्या अश्रफीच्या. आम्ही तिला चहा पाजला.

नाणं द्यायच्या आधी आम्ही त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढले होते. ते गटाच्या वहीत चिकटवलेत, खाली साल आणि वजन लिहून. चारमिनारच्या दारातल्या अक्षराला लेकीने लाल पेनाने गोल केला आहे. कापलेली कडी त्याच पानावर टाचली आहे.