द्राक्षाचा हंगाम आणि पोटातलं बाळ

आजचा विषय आहे कुपोषण. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका. आज आपण आपल्या नाशिकच्या द्राक्षबागेत जाणार आहोत.

दिवाळी झाली की पेठ, सुरगाणा, हरसूल भागातून पिकअप भरभरून माणसं दिंडोरी-निफाडकडे उतरतात. घरची भात-नागली काढून झालेली असते, आणि पुढे गावात काम नसतं. बागेत मात्र ऑक्टोबर छाटणीनंतर उसंत नाही. फेलफूट काढा, विरळणी करा, डिपिंग करा, मग खुडा. टोळीत नवरा-बायको दोघंही राबतात. त्यातल्या काही बायका गरोदर असतात.

आता हे बाजूला ठेवा आणि माझ्यासोबत पुणे जिल्ह्यात चला. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. काय खातात, किती काम करतात, बाळ कसं जन्मतं, सगळं मोजलं. बाळांचं सरासरी वजन भरलं साधारण 2.7 किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं होतं साडेतीन. गंमत म्हणजे आपली बाळं हाडकुळी, स्नायू कमी, पण अंगावरची चरबी त्या मानाने टिकून! याज्ञिकांच्या मते पुढे आपल्याकडे दिसणाऱ्या डायबेटिसची मुळं इथपर्यंत जातात.

आईने एकूण किती कॅलरी खाल्ल्या, याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो पालेभाजी, फळं आणि दूध किती वेळा खाण्यात येतं याच्याशी. म्हणजे नुसती भाकरी वाढवून भागत नाही. आणि दुसरी गोष्ट, जी आपल्याकडे कुणी बोलतच नाही: ज्या बायका शेतात, पाण्यासाठी, घरात जास्त राबत होत्या, त्यांची बाळं लहान जन्मत होती. ताट आणि कष्ट, दोन्ही बघावं लागतं.

तिसरा मुद्दा वेळेचा. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 2006 पासून एक मोठा प्रयोग झाला. साडेसहा हजारांच्या आसपास बायकांना रोज एक स्नॅक दिला. काहींचा पालेभाजी, फळं, दूध घातलेला, बाकीच्यांचा कमी पौष्टिक भाज्यांचा. ज्यांनी दिवस जायच्या निदान तीन महिने आधीपासून पौष्टिक स्नॅक सुरू केला, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी 48 ग्रॅम जास्त भरलं. पण सगळ्यात सडपातळ बायकांच्या बाळांत तेवढाही फरक पडला नाही. मला हा निकाल फार अस्वस्थ करतो. म्हणजे मुलगी वयात येताना उपाशी असेल, तर नंतरचा लाडू पुरेसा पडत नाही.

आता परत बागेत या. आपल्या राज्यात आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी डॉ. एपीजे अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. अंगणवाडीत दिवसातून एकदा पूर्ण गरम जेवण. चांगली योजना आहे, 2015 पासून चालू आहे. पण हे जेवण शिजतं सुरगाण्यात, आणि बाई असते निफाडला! नेमक्या त्या महिन्यांत, जेव्हा कष्ट सर्वांत जास्त आणि पालेभाजी विकत घ्यावी लागते. दिवसाची हजेरी बुडवून ती दवाखान्यात जाईल, असं तुम्हाला वाटतं का?

महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या मुलांतलं खुरटलेपण 2015-16 मध्ये 34 टक्के होतं, 2019-21 च्या सर्वेक्षणात 35. पाच वर्षांत आकडा जागचा हलला नाही.

तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी बाग आहे, हे मला कमेंट्सवरून माहीत आहे. तर एक माहिती देतो. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपमध्ये स्थलांतरित बाईची नोंद नव्या ठिकाणी करता येते. बागेवर टोळी उतरली की जवळच्या अंगणवाडी ताईंना एक फोन करायचा, कोण गरोदर आहे, कुणाचं लेकरू लहान आहे, एवढंच सांगायचं. आणि डिपिंगच्या औषधापासून आणि जड क्रेटपासून त्या बाईला लांब ठेवायचं, रोज न कापता. बाबांना हे पटवायला लागेल, तर हाच भाग त्यांना ऐकवा.