केराच्या टोपलींतील रंग

कांद्याचीं टरफलें आणि डाळिंबाच्या साली केराच्या टोपलींत जातात. आणि त्याच घरांत एखादें विटलेलें सुती लुगडें पेटीच्या तळाशीं निरुपयोगी म्हणून पडलेलें असतें. या दोन टाकाऊ वस्तूंची गांठ घालून दिली, तर त्या वस्त्राला पुन्हां रूप येतें. मात्र त्याची रीत ठाऊक असावी लागते.

नवशिक्याची फसगत बहुधा हळदीपासून होते. हळदीच्या पाण्यांत बुडविलेलें कापड सोन्यासारखें पिवळें दिसतें. परंतु साबण लागतांच तें तांबूस होतें आणि उन्हानें लवकरच फिकें पडतें. बीटाचा भडक रस तर धुण्याबरोबरच वाहून जातो. कापडावर डाग पडणें निराळें आणि रंग बसणें निराळें.

रंग बसावयास रंग व धागा यांच्यामध्यें मध्यस्थ लागतो. तो मध्यस्थ म्हणजे तुरटी. परंतु सुताचा धागा तुरटीला सहजासहजीं धरून ठेवीत नाहीं. म्हणून त्याला आधीं तुरट पाणी पाजावें लागतें. तो तुरटपणा डाळिंबाच्या सालींत व हिरड्यांत विपुल असतो.

रीत अशी. १०० ग्रॅम सुती कापड साबणानें धुवून त्यांतील खळ काढावी. डाळिंबाच्या वाळलेल्या सालींचा काढा गाळून त्यांत तें रात्रभर भिजवावें. सकाळीं पिळून, १५ ग्रॅम तुरटी विरघळविलेल्या कोमट पाण्यांत दोन-तीन तास ठेवावें. नंतर १०० ग्रॅम कोरडीं कांद्याचीं टरफलें तासभर उकळून पाणी गाळावें व त्यांत कापड मंद आंचेवर तासभर हलवीत राहावें. निवाल्यावर धुवून सावलींत वाळवावें. सोनेरी-बदामी छटा येते. त्याच रंगाच्या पाण्यांत चिमूटभर हिराकस घातल्यास ती काळपट हिरवी होते. जुनी शाई हिरडा व हिराकस यांच्या याच संयोगानें होत असे. मात्र हिराकस जास्त झाल्यास धागा कुजतो. रंगाचें पातेलें स्वयंपाकास पुन्हां वापरूं नये.

इ. स. १८५६ मध्यें लंडन येथें विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यानें डांबरांतील द्रव्यापासून जांभळा रंग केला. १८९७ मध्यें कृत्रिम नीळ जर्मनींतून बाजारांत आली. पुडींतला रंग स्वस्त व सोपा झाला, आणि वनस्पतींच्या रंगाची विद्या मागें पडली.

पुडीच्या रंगाशीं या रंगाची बरोबरी करूं नये. दोन वेळच्या छटा तंतोतंत जुळत नाहींत, आणि शंभर ग्रॅम टरफलें म्हणजे भली मोठी पिशवी. ती एका दिवसांत भरत नाहीं. परंतु जी गृहिणी ती पिशवी खुंटीला टांगून रोज मूठभर टरफलें तींत टाकते, तिच्या घरचें विटलेलें लुगडें आणखी कांहीं काळ अंगावर राहतें. काटकसर ती हीच.